क्वाड अंगणात कधीच अडत नाही

९ सप्टेंबर
नैऋत्येचा वारा. पाऊस येऊन-जाऊन.

क्वाड, म्हणजे माझी चार जाड चाकांची उघडी मोटारसायकल, आज किनाऱ्याहून वर येताना मधल्या चढावर बंद पडली. या आठवड्यातली दुसरी खेप. गचके नाहीत, फुरफुर नाही; चालू असते आणि पुढच्या क्षणी नसते. स्टार्टर दाबला तर इंजिन फिरतं, पण पेटत नाही. वादळाने किनाऱ्यावर समुद्रशेवाळाचे ढीग आणून टाकलेत. तेच मासळीच्या पेटीत भरून, पेटी पुढच्या रॅकवर ठेवून आणत होते. बटाट्याच्या वाफ्याला असं खत दुसरं नाही, आणि समुद्र त्याचं काही मागत नाही. पेटीला खाली भोकं आहेत, त्यामुळे गाडी वाटभर गळत असते, तेवढंच.

काठी टेकत घरी आले. खुब्याचा सांधा बदलल्यापासून हा चढही मला जड जातो. डोंगर तर क्वाडशिवाय विसरायचाच. टॉमी असता तर, असं मनात आलं होतं, पण खरं सांगायचं तर माझ्या नवऱ्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिव्या मात्र सुरेख घालायचा.

१० सप्टेंबर
खाडीपलीकडच्या मॅन्सी हॅलक्रोने क्वाड ओढत अंगणात आणून दिली. टॉमीच्या मासेमारी बोटीवर इंजिन तोच सांभाळायचा. एकटा राहतो, कुत्र्याशी बोलतो. “उद्या येऊन बघतो,” म्हणाला.

तो येणार म्हणून शेवाळाची पेटी उतरवली, क्वाड गोड्या पाण्याने धुतली, गोठ्यात नेऊन फडक्याने कोरडी केली. परक्या माणसापुढे बरबटलेली गाडी ठेवायची म्हणजे केस न विंचरता दार उघडण्यासारखंच.

११ सप्टेंबर
मॅन्सीने स्पार्क प्लग काढला, टोपी लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मला स्टार्टर दाबायला सांगितलं. निळी, कडक ठिणगी पडली.

“ठिणगी तर आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे मी खोटं बोलते?”

“तू नाही. ती खोटं बोलतेय. माणूस बघून बोलतेय.”

तरी नवा प्लग घातला. मी म्हटलं, आता कॉइलही बघून घे की, हातासरशी. तर म्हणे, “एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ओस्ला. सगळं एकदम बदललं तर बिघडलं काय होतं ते कधी कळतच नाही.” हे मला पटलं. मग तीन कप चहा प्याला आणि गेला. मी बॅनक, तव्यावरचे जाड गोल पाव, भाजले होते, तेही संपवले.

१२ सप्टेंबर
आयलीनचा फोन. लर्विक शहरात तिच्या घराजवळ एक छोटं तळमजल्याचं घर रिकामं होतंय, ते तिने माझ्यासाठी सांगून ठेवलंय.

“आई, तू एकटी डोंगरावर पडलीस तर कळणार कुणाला?”

“कुत्रा आहे ना. निप भुंकेल.”

“निप मेंढीवरसुद्धा भुंकत नाही गं!”

पोरीचं चुकत नाही, म्हणून जास्त राग येतो. शेवटी मीच म्हणून गेले, “ऑक्टोबरच्या हाक्याला माझी जागा मी धरली, तर राहीन. नाही धरता आली, तर मेंढ्या विकून तुझ्याकडे येईन. मग तू विचारू नकोस आणि मी रडणार नाही.” ती लगेच कबूल झाली. फारच लगेच.

हाका म्हणजे आमच्याकडे सणच. डोंगर सगळ्यांचा सामाईक, मेंढ्या उन्हाळाभर मिसळून चरतात. मग एका दिवशी गावातली सगळी घरं डोंगरावर रांग धरून त्यांना खाली वाडग्यात उतरवतात. ज्या घराची जी जागा, ती त्या घराने धरायची. आमची पश्चिमेची, कड्याच्या अंगाची. तिथे खिंडार पडलं तर सगळा कळप मागे फिरतो आणि सगळ्या गावाचा दिवस वाया जातो. माझी जागा दुसरं कुणीही आनंदाने धरेल, हे मला ठाऊक आहे. तेच तर नको आहे.

१४ सप्टेंबर
नव्या प्लगने अंगणात वाघिणीसारखी चालली. दुपारी शेवाळ आणायला गेले. चढावर बंद.

१५ सप्टेंबर
सकाळी क्वाड पुन्हा धुऊन-पुसून तयार ठेवली. मॅन्सीने आज प्लगची टोपी काढली. आत जरा गंज होता. वायरीचं टोक कापून टोपी नव्याने बसवली. “हेच असेल,” म्हणाला. मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहून, ही बिजागरी सैल आहे म्हणाला आणि तीही घट्ट केली. मी काही सांगितलं नव्हतं.

मटणाचं सूप होतं, खारवलेल्या मटणाचं, बटाटे घालून. एकटीसाठी केलं तरी पातेलं तेवढंच लागतं. म्हटलं जेव. जेवला.

१८ सप्टेंबर
हेच नव्हतं. काल पुन्हा तिथेच.

आज हँडलवरचं लाल बटण झालं. ते बिघडलं तर बसल्या जागी ठिणगी तोडतं म्हणे. त्याची वायर सोडवून इंजिन चालवून पाहिलं. व्यवस्थित. वायर जोडून पाहिलं. तसंच व्यवस्थित. मॅन्सीने चांगला निळा स्वेटर घातला होता. म्हटलं, अरे ग्रीस लागेल. म्हणे, जुनाच आहे. जुना कसला, पुढे घडीची रेघ दिसत होती. या माणसाला वस्तूंची किंमत नाही.

मला त्याने आज एक युक्ती शिकवली. गाडीच्या दिव्याचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. एक वायर गाडीच्या लोखंडाला चिमट्याने लावायची, दुसरीचं टोक जिथे शंका असेल तिथे टेकवायचं. बल्ब लागला तर करंट इथवर येतोय. नाही लागला तर वायर धरून मागे मागे जायचं, जिथे पुन्हा लागेल तिथवर. चोर त्या दोन जागांच्या मध्ये.

“अगदीच सोपं आहे की,” मी म्हटलं.

“सोपंच आहे. फक्त चोर हजर असायला हवा.”

बेनी पत्रं घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं सीटखाली डोकं घालून बसलो होतो. बेनी पोस्टाची गाडी चालवते आणि डोंगराच्या चराईचा कारभारही तीच बघते, त्यामुळे तिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं तिला वाटतं. “काय मॅन्सी, अजून सापडलं नाही?” म्हणून हसली. मॅन्सीने मान वर केलीच नाही. त्याचे कान लाल झालेले दिसले. वारा गार होता.

२२ सप्टेंबर
आज शेवाळ नव्हतं, काही नव्हतं. डोंगरावर मेंढ्या बघायला गेले, दाट धुकं उतरलं आणि कड्याच्या बाजूला क्वाड गेली. स्टार्टर दाबून दाबून बॅटरी उतरेल म्हणून सोडून दिलं. निपला पुढे घातलं आणि काठी टेकत, बांध चाचपत उतरले. दोनदा पाय मुरडला. एकदा बसले ती बसलेच. वाटलं, आयलीन बरोबर बोलते आणि मी उगाच हट्टाला पेटलेली म्हातारी आहे. हे इथेच लिहिते, तिला सांगणार नाही.

खाली बांधाच्या फाटकाशी मॅन्सी उभा. माझं इंजिन वर जाताना ऐकलं, परत येताना ऐकलं नाही, म्हणून आला म्हणे. मी म्हटलं, तुला कामं नाहीत का? तर म्हणे, आहेत.

घरी येऊन चहा ठेवायला लागले. त्याने किटली माझ्या हातून घेतली आणि भरून चुलीवर ठेवली.

२४ सप्टेंबर
क्वाड काल मॅन्सीनेच वरून ओढून आणली, मी धुऊन-पुसून ठेवली. आज त्याने इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडून आतली छोटी कॉइल बदलली, ती जी इंजिनाला ठिणगी कधी टाकायची ते सांगते. “माझ्या शेडमध्ये एक पडून होती,” म्हणाला. पडून असलेली कॉइल कोऱ्या खोक्यात, वर लर्विकच्या दुकानाची चिठ्ठी, प्लास्टिक न फोडलेलं. किती जपून ठेवतो हा माणूस सामान! त्या दिवशी म्हटलं वस्तूंची किंमत नाही, ते मागे घेते.

हाक्याला आता दहा दिवस. एका वेळी एक गोष्ट बदलत बसलो तर नाताळ येईल. तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, “नाताळपर्यंत काही मी कंटाळणार नाही.”

तो कंटाळण्याचा प्रश्न आहे का इथे?

२६ सप्टेंबर
बेनीने आज मला भलतंच सांगितलं. तिची क्वाड महिन्यापूर्वी अशीच बंद पडत होती. “मॅन्सीने चहा निवायच्या आत दुरुस्त केली गं! बघता बघता.”

“अशीच म्हणजे? ठिणगी जाणारी?”

“तीच की. तुझ्याकडे कसा काय अडकला तो?” आणि पुन्हा तसंच हसली.

दिवसभर तेच डोक्यात. जो माणूस बेनीचं काम चहा निवायच्या आत करतो, तो माझं दोन आठवडे का लांबवतो? मग कळलं. त्याच्या मेंढ्या माझ्या शेजारच्या उतारावर चरतात. मी गेले तर पश्चिमेच्या चराईचा वाटा मोकळा होतो, आणि तो पहिला त्यालाच विचारला जाईल. बिजागरी काय, सूप काय! मीच मूर्ख.

२७ सप्टेंबर
काल रात्री शेवाळ भरलेलं होतं ते घेऊन सकाळी वर येताना क्वाड पुन्हा बंद. नवी कॉइल घालूनसुद्धा! मॅन्सीने ती ओढून आणली तेव्हा अंगणातच सगळं ऐकवलं त्याला.

“तुला माझा वाटा हवाय. सरळ सांगायचं होतंस. मी हाका चुकवावा म्हणून एक एक स्क्रू फिरवत बसलास.”

तो जागच्या जागी उभा राहिला. “वाटा?” म्हणाला. “तू इथून जावीस म्हणून? नाही गं ओस्ला, उलट...”

“उलट काय?”

त्याने टोपी काढली, फिरवली, पुन्हा घातली. मग पिकअपमध्ये बसून निघून गेला. बल्ब आणि वायरी माझ्या ओट्यावरच राहिल्या. एवढं सगळं बोलून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२८ सप्टेंबर
पाऊस. क्वाड अंगणात तशीच, रॅकवर शेवाळाची पेटी तशीच. उतरवायची कुणासाठी? धुवायची कुणासाठी?

दुपारी सहज स्टार्टर दाबला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. आणि एकदम लख्ख कळलं. ही क्वाड अंगणात आजवर कधीच अडली नव्हती! अडली नव्हती, कारण मॅन्सी यायच्या आधी दर वेळी मी तिची पेटी उतरवत होते, धूत होते, पुसून कोरडी करत होते. चोराला मीच न्हाऊमाखू घालून सभ्य माणूस करून त्याच्यापुढे बसवत होते. बिचाऱ्याला सापडणार काय? आज पहिल्यांदा चोर घरात हजर होता.

बल्ब आणला. चिमटा लोखंडाला. चावी फिरवली. चावीकडून बाहेर येणाऱ्या वायरीला टोक टेकवलं, बल्ब लागला. सीटखाली इग्निशनच्या डब्यात जाणाऱ्या वायरीला टेकवलं. लागला नाही. पुन्हा टेकवलं. नाहीच. माझी छाती अशी धडधडत होती की निप येऊन बघून गेला.

मग वायर धरून मागे मागे. सीटखालून टाकीच्या बाजूने पुढे, पुढच्या रॅकच्या खाली. तिथे दोन वायरी एका प्लास्टिकच्या जोडात एकत्र येतात. आणि त्या जोडावर, माझ्या डोळ्यांदेखत, पेटीच्या भोकातून समुद्राचं पाणी थेंब थेंब पडत होतं. जोड ओढून उघडला. आतल्या पितळी टोकांवर हिरवा बुरा, मिठाचा थर. मीठ ओल धरतं, म्हणून धुक्यातसुद्धा गेली होती. कोरडी झाली की करंट कसाबसा जाई.

नखं घासायच्या कानशीने टोकं घासली. गोड्या पाण्याने धुतलं. चुलीजवळ पार वाळवलं. मग लोकरीचा ओशट मेणासारखा चीक असतो ना, कातरताना हाताला लागतो तो, त्याची डबी फडताळात होती, टॉमी तो हातांना लावायचा. त्यातला बोटभर जोडात भरला. त्यातून पाण्याची काय बिशाद! जोड दाबून बसवला. स्टार्टर दाबला.

एका फिरकीत! पेटी रॅकवर, पाऊस वरून, आणि ती चालू. मी अंगणात उभ्या उभ्या रडले. मी दुरुस्त केली. मी!

पहिल्यांदा मनात आलं ते खाडीपलीकडे फोन करायचं. केला नाही. काय तोंडाने करणार?

३० सप्टेंबर
शेवाळाच्या चार खेपा मुद्दाम केल्या. पेटी आता मागच्या रॅकवर. एकदाही अडली नाही. मॅन्सीच्या घराचा धूर दिसतो. तो आला नाही. कशाला येईल?

४ ऑक्टोबर
हाका. लख्ख ऊन, उत्तरेचा बोचरा वारा.

आयलीन सकाळच्या फेरीबोटीने आली, मदतीला म्हणून. मदतीला कसली, निकाल बघायला. बेनीने जागा वाटल्या. माझं नाव आलं तेव्हा क्षणभर थांबली आणि म्हणाली, “पश्चिम. ओस्ला. धरतेस ना?”

“धरते.”

माझ्या शेजारची जागा मॅन्सीची. क्वाड चालू करताना त्याने माझ्या इंजिनाकडे कान दिलेला मला दिसला.

क्वाडने मला कड्यापर्यंत नेलं, चिखलातून, ओहोळातून. एकदाही तिची कुरकुर नाही. रांग सरकू लागली. मेंढ्या आधी ठिपक्यांसारख्या, मग ओघळांसारख्या खाली सरकल्या. अर्ध्यावर आलो आणि माझीच ती म्हातारी तपकिरी मेंढी, दर वर्षीची पुंड, एकदम वळली. तिच्यामागे तीसएक वळल्या, थेट कड्याकडे. दोन वर्षांपूर्वी मी पायाने धावले असते. आज क्वाड पूर्ण वेगाने घातली, निप मागून उडी टाकून गेला, आणि कड्याच्या ऐन तोंडाशी आडवी उभी राहिले. हॉर्न वाजवला, काठी हाणली, टॉमीच्या सगळ्या शिव्या आठवून आठवून दिल्या. पुंड मेंढीने माझ्याकडे पाहिलं, शिंकली आणि वळली. सगळ्या वळल्या.

खाली वाडग्यात दार लागलं तेव्हा आयलीन बांधावर उभी होती. जवळ येऊन माझ्या गालावरचा चिखल पुसला. “ठीक आहे, आई,” म्हणाली. “ते घर दुसऱ्या कुणाला देऊ देत.” तिचेही डोळे भरले होते. मला वाटलं होतं मी जिंकल्यासारखं काही बोलेन. तिला मिठी मारली आणि घट्ट धरून राहिले.

नंतर मॅन्सी आला. “कुठे होतं?”

“पुढच्या रॅकखालचा जोड. शेवाळाचं पाणी.”

“तिथे मी पाहिलंच नव्हतं.”

“बेनीची क्वाड चहा निवायच्या आत केलीस. माझी का नाही?”

त्याने वाडग्याच्या दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. “सावकाश शोधत होतो.”

“पण का?”

“घाई नव्हती.”

हे काय उत्तर झालं? मी त्याला म्हटलं, मी तुला नको ते बोलले, वाट्याचं. ते चुकलंच माझं. तो म्हणाला, असू दे. बेनी सूपचं भांडं घेऊन जाता जाता म्हणाली, “अगं ओस्ला, डोळे तपासून घे एकदा.” माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

८ ऑक्टोबर
कोकरं विक्रीला गेली, मेंढ्या वर गेल्या. क्वाड छान. हवा छान. सूप फार उरलं, निपला घातलं.

११ ऑक्टोबर
क्वाड छान.

आज बॅनक भाजले आणि ओट्यावर दोन कप मांडले. का मांडले ते कप धरून उभी राहून विचार करत होते. निळा स्वेटर आठवला. कोऱ्या खोक्यातली पडून असलेली कॉइल आठवली. “उलट...” आठवलं. मग खाली बसले. एकटीच मोठ्याने हसले. दोन आठवडे तो माणूस माझ्यासमोर बसून होता आणि मी त्याच्या स्वेटरला ग्रीस लागेल म्हणत होते.

१२ ऑक्टोबर
केस विंचरले. क्वाड काढली आणि खाडीला वळसा घालून मॅन्सीच्या दारात नेऊन उभी केली, इंजिन चालूच ठेवून.

तो बाहेर आला. “काय झालं?”

“आवाज येतोय,” मी म्हटलं.

इंजिन असं सुरेख, एकसंध चालत होतं की त्यावर बाळ निजलं असतं. मॅन्सीने माझ्याकडे पाहिलं. मग गुडघे टेकून बसला, कान जवळ नेला, डोळे मिटले आणि फार वेळ ऐकत राहिला. त्याचे कान लाल होते आणि आज वारा नव्हता.

“येतोय,” तो म्हणाला. “फार आतून येतोय.”

“गंभीर आहे?”

“एका वेळी एकच गोष्ट बघावी लागेल. सगळा हिवाळा जाईल, ओस्ला.”

“जाऊ दे,” मी म्हटलं आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

चहा त्याने केला. अगदी पाणचट. पण प्याले, दोन कप.